दारी आलेली बाजारपेठ, घरी आलेली शाळा

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी येथे जन्मलेला विनायक वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास वडिलांच्या नोकरीच्या गावी, बडोद्याला गेला आणि त्याचे शालेय शिक्षण तेथेच झाले. विद्या हवी तर गाव सोडावे आणि चार पैसे मिळवायचे तरीही गाव सोडावे, हा कोकणाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. मुंबईच्या गिरण्यांनी आणि कचेऱ्यांनी तो अधिकच पक्का केला. विनोबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षीच, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने भारतात इंटरनेटची सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली. त्या शिरस्त्याला छेद देऊ शकेल असे साधन तेव्हा प्रथमच देशात आले. ते आता खेड्यापाड्यांतल्या हातांत पोहोचले आहे. परंतु साधन हाती येणे वेगळे आणि सामर्थ्य हाती येणे वेगळे.

प्रथम व्यापाराचा विचार करू. पेण आणि हमरापूरचा परिसर गणेशमूर्तींसाठी सर्वदूर ख्यातनाम आहे. येथील मूर्ती मुंबई-पुण्याच्या घरांतून, तसेच परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतूनही पूजिल्या जातात. मात्र मूर्तिकार आणि यजमान यांच्यामध्ये व्यापाऱ्यांची साखळी असली, की डोळ्यांची आखणी कोणाच्या हातची, हे मूर्ती घरी नेणाऱ्याला कधी कळत नाही. आज तोच मूर्तिकार कारखान्यातून मूर्तीचे छायाचित्र थेट यजमानाला पाठवू शकतो, भाव स्वतः सांगू शकतो आणि विसार क्षणात खात्यावर जमा करून घेऊ शकतो. यूपीआय ही स्वदेशी व्यवस्था २०१६मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात तिच्यावरून २ हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवालीपासून मूर्तिकारापर्यंत सर्वांना सामावून घेणारी अशी देयकव्यवस्था आपल्याच देशात उभी राहिली, ही अभिमानाची गोष्ट आहे.

तथापि नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या संकेतस्थळावर माल ठेवला, की दलाली संपत नाही, दलाल बदलतो. कोणाचा माल वर दिसावा, किती टक्के कापून घ्यावेत, परत आलेल्या मालाचा भुर्दंड कोणी सोसावा, हे दूरची कंपनी ठरवते. जुना व्यापारी निदान ओळखीचा होता. अडीनडीला त्याच्या पेढीवर जाऊन बोलता येई. नव्या व्यवस्थेत बोलायचे कोणाशी, हेच उमगत नाही. यावर उपाय सहकाराचा. दहा कारखानदारांनी एकत्र यावे, आपल्या नावाची छाप निर्माण करावी, हिशेब व पत्रव्यवहार सांभाळण्यासाठी गावातलाच एखादा शिकलेला तरुण नेमावा, म्हणजे बाजारपेठ दारी आल्याचे सार्थक होईल.

शिक्षणाचे चित्रही असेच दुहेरी आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि मराठी विश्वकोशाचे खंड आज कोणालाही घरबसल्या विनामूल्य वाचता येतात. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२०चा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार पटकावला. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. तंत्र आणि संस्कार हातात हात घालून चालू शकतात, हे या एका कृतीने दाखवून दिले.

त्याच २०२०ने आपल्याला धडाही दिला. कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर आले. घरात एकच फोन, तो घेऊन वडील कामावर, आणि पाठ्य तीन भावंडांचे, अशी अवस्था असंख्य घरांत झाली. त्यातच ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावांचा संपर्क कित्येक दिवस तुटला. ज्या मुलाची सारी शाळा एका तारेवर लटकलेली असते, त्याची शाळा वाऱ्याबरोबर उडते. ज्याच्या गावात शिक्षक, ग्रंथालय आणि पाठ घेणारी शेजारची ताई असते, त्याचे शिक्षण अंधारातही थांबत नाही.

येथे पुन्हा विनोबांकडे यावे लागते. १९१६मध्ये इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण वाटेतूनच काशीकडे वळला. शाळा-महाविद्यालयाची प्रमाणपत्रे त्याने अग्नीच्या स्वाधीन केली होती. त्याचे अध्ययन मात्र जन्मभर अखंड चालले. विनोबा विज्ञानाचे विरोधक नव्हते. विज्ञानाला आत्मज्ञानाची जोड मिळाली तरच मानवाचे कल्याण आहे, हे त्यांचे आग्रही प्रतिपादन होते. शिक्षणात ज्ञान आणि कर्म यांची फारकत होऊ नये, असेही ते सांगत. आज मोबाइलवर चित्रफितींमागून चित्रफिती पाहणारा मुलगा माहितीने भरतो, परंतु त्याच्या हाताला काम आणि बुद्धीला विचार मिळाला नाही, तर तो केवळ गिऱ्हाईक म्हणून मोठा होईल.

म्हणूनच हा प्रश्न सर्वस्वी सरकारवर किंवा कंपन्यांवर सोपवून चालणार नाही. मंदिराच्या किंवा वाचनालयाच्या एखाद्या खोलीत सायंकाळी दोन तासांचा अभ्यासवर्ग सुरू करणे, तेथे एक संगणक आणि त्याहून आवश्यक असा एक जाणता माणूस ठेवणे, फसव्या संदेशांपासून ज्येष्ठांना सावध करणे, गावच्या कारागिराला आपला माल मांडायला शिकविणे, ही कामे कार्यकर्त्यांनी आणि सुशिक्षित कुटुंबांनी अंगावर घेण्याजोगी आहेत. शहरात स्थिरावलेल्या प्रत्येक कोकणवासीयाने गणपतीसाठी गावी जाताना दोन दिवस या कामासाठी राखून ठेवले, तरी बरेच साधेल.

सव्वाशे वर्षांपूर्वी गागोद्याच्या विनायकाला शिकण्यासाठी गाव सोडावे लागले. आजच्या विनायकाने गाव सोडावे की गावात राहावे, हे त्याचे त्याने ठरवावे. केवळ गावात काही नाही म्हणून ते सोडण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये. एवढे साधले, तरच ही बाजारपेठ आणि ही शाळा खऱ्या अर्थाने आपल्या दारी आली, असे म्हणता येईल.