कपाटातली तबकडी आणि कापसाची गाठ



आज एक काम करा. आईला विचारून घरातलं लोखंडी कपाट उघडा. लग्नाच्या अल्बमखाली, पावत्यांच्या पिशवीशेजारी एखादी चकचकीत तबकडी सापडते का, बघा बरं. तिच्यावर स्केच पेनने ‘मावशीचे लग्न’ किंवा ‘स्नेहसंमेलन २००९’ असं काहीतरी लिहिलेलं असेल. तीच आपली डीव्हीडी!

पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्या परभणी जिल्ह्यात लग्न असो, बारसं असो की शाळेचं गॅदरिंग, फोटो स्टुडिओवाले काका शूटिंग करून अशीच तबकडी हातात ठेवायचे. आता घरात डीव्हीडी प्लेअर नाही, नव्या लॅपटॉपला तबकडीचा कप्पाही नाही. पण त्या तबकडीत काय काय आहे! हळदीला ओव्या म्हणणारी आजी आहे, फेटा बांधलेले आजोबा आहेत. यांतलं कुणी आज घरात नसेल, तर त्यांचा आवाज फक्त तिथेच उरला आहे.

आणि ती तबकडी कायमची टिकत नाही, बरं का. बाजारात मिळणाऱ्या सिनेमाच्या डीव्हीडीत खड्डे साच्याने ठसवलेले असतात. स्टुडिओत भरलेल्या डीव्हीडीत मात्र रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेझरचा किरण त्या थरावर खुणा करतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो थर खराब होत जातो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, हे तुम्हांला मी काय सांगू! म्हणून तबकडीतलं चित्रण वेळेत दुसरीकडे उतरवून ठेवायला हवं.

हे काम करायला बसलं की मुलं हमखास विचारतात, “बाई, संगणक किती वेळ लावतो हो! हे लवकर नाही का होणार?” होईल की. पण आधी एवढा वेळ का लागतो, ते समजून घेऊ.

कापूस आणि गाठी

मानवतला किंवा सेलूला जिनिंग-प्रेसिंग पाहिलंय ना? शेतातून आलेला कापूस ट्रॅक्टरभर पसरलेला असतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते आणि प्रेसमध्ये रुई दाबून १७० किलोची घट्ट गाठ बांधतात. चित्रणाचंही तसंच आहे.

जरा हिशेब करू. डीव्हीडीवरचं एक चित्र ७२० ठिपके रुंद आणि ५७६ ठिपके उंच असतं. म्हणजे एका चित्रात ४,१४,७२० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरा. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला अशी २५ चित्रं लागतात. गुणाकार केला तर एका सेकंदाला सुमारे ३ कोटी ११ लाख बाइट झाले. दोन तासांचे होतात जवळजवळ २२४ जीबी! आणि साध्या डीव्हीडीत जागा किती? फक्त ४.७ जीबी. म्हणजे पन्नास पोती कापूस एका पोत्यात कोंबण्यासारखंच हे.

हे कोंबण्याचं काम, म्हणजे एन्कोडिंग, दोन युक्त्यांनी होतं.

पहिली युक्ती सरकी काढण्याची. डोळ्याला जे बारकावे फारसे कळत नाहीत ते वेगळे काढून टाकायचे. त्यासाठी जे गणित वापरतात ते भारतात जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केलं. आज जगभर फोटो आणि चित्रणं त्याच गणिताच्या आधारावर लहान होतात.

दुसरी युक्ती आळशी विद्यार्थ्याची! नवरदेव मांडवात उभा आहे. मागचा पडदा, समया, पाट सगळं जागच्या जागी आहे. मग प्रत्येक चित्र नव्याने कशाला लिहायचं? ‘मागच्यासारखंच, फक्त हात जरा उजवीकडे सरकला’ एवढं लिहिलं की झालं.

पण हात किती सरकला ते शोधायला नको का? खरी मेहनत तिथेच आहे. संगणक चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतो. एका चित्रात असे १,६२० चौकोन होतात. प्रत्येक चौकोन आधीच्या चित्रात चहूबाजूंना १६-१६ ठिपक्यांपर्यंत शोधायचा म्हटलं, तर ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ जागा तपासाव्या लागतात. प्रत्येक जागी २५६ ठिपके ताडून पाहायचे. एका चित्रासाठी ४५ कोटींहून जास्त तुलना झाल्या! आणि दोन तासांत चित्रं असतात १ लाख ८० हजार. बिचारा संगणक धापा टाकेल नाहीतर काय!

मग वेळ कसा वाचवायचा?

एक. सगळ्यांत जलद एन्कोडिंग म्हणजे एन्कोडिंग न करणं! हसू नका. डीव्हीडीतलं चित्रण आधीच गाठ बांधलेलं असतं. ती गाठ न सोडता जशीच्या तशी हार्ड डिस्कवर उचलून ठेवा. तबकडी धडधाकट असेल तर हे साधारण पाव तासात होतं आणि एक ठिपकाही बदलत नाही. पूर्वी जागा महाग होती, म्हणून लोक चित्रण आणखी दाबून ७०० एमबीच्या सीडीत बसवत. आज ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये कितीतरी तबकड्या मावतात. ही झाली आपली मूळ प्रत.

दोन. मोबाइलवर पाहायला किंवा नातेवाइकांना पाठवायला लहान फाइल हवी असेल, तर एन्कोडिंग करा. पण हार्ड डिस्कवरच्या प्रतीवरून करा, तबकडीवरून नको. ओरखडे असलेली तबकडी वाचताना यंत्र अडखळतं, तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतं आणि संगणक हात बांधून बसून राहतो. शिवाय लहान केलेल्या फाइलवरून आणखी लहान फाइल करू नका. झेरॉक्सची झेरॉक्स कशी पुसट होत जाते, तसंच होतं.

तीन. शोध आटोपशीर ठेवा. जत्रेत धाकटा भाऊ हरवला तर आपण सगळं गाव पालथं घालतो का? शेवटी पाळण्यापाशी दिसला होता, मग तिथूनच शोधायला लागतो. हॅंडब्रेकसारख्या मोफत प्रणालीत ‘फास्ट’, ‘मीडियम’, ‘स्लो’ असे पर्याय असतात. त्यांचा मुख्य फरक हाच की चौकोन किती कसून शोधायचे. ‘फास्ट’ निवडलं तर काम लवकर होतं, पण तेवढ्याच चांगल्या चित्रासाठी फाइल थोडी मोठी होते. घरच्या चित्रणाला तेवढं चालतं.

चार. दोन फेऱ्या टाळा. फाइल ठरावीक मापातच बसवायची असेल तर संगणक सगळं चित्रण एकदा नुसतं तपासतो आणि दुसऱ्यांदा लिहितो. मापाची सक्ती नसेल, तर ‘चित्राचा दर्जा एकसारखा ठेव’ असं सांगितलं की एका फेरीत काम होतं.

पाच. चित्र उगीच ताणू नका. काही जण डीव्हीडीचं चित्र मोठ्या टीव्हीच्या मापाचं, म्हणजे १९२० बाय १०८० करतात. गुणाकार करून बघा, ठिपके बरोबर पाचपट होतात! काम वाढतं, पण मुळात नसलेला बारकावा येणार कुठून? पोळी कितीही लाटली तरी कणीक तेवढीच ना!

सहा. वेचणीला माणसं लावा. एका बाईला चार दिवस लागणारं शेत चार जणी एका दिवसात वेचतात. आजच्या प्रोसेसरमध्ये असे चार, सहा, आठ कामकरी असतात. त्यांना मोकळं ठेवा. एन्कोडिंग चालू असताना खेळ खेळू नका. बऱ्याच संगणकांत एन्कोडिंगसाठी वेगळा खास भागही असतो. तो फार वेगवान असतो. मात्र त्याची गाठ जरा सैल बसते, फाइल मोठी होते.

सात. संगणकाला ऊन लागू देऊ नका. तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा, पंखा लावा आणि काम पहाटे करा. लाइट जाण्याची भीती असेल तर एकेका प्रकरणाची वेगळी फाइल करा. मध्येच वीज गेली तर सगळ्यावर पाणी पडणार नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मी सांगतेय ते घरच्या आणि शाळेच्या चित्रणाबद्दल. विकतच्या सिनेमांच्या तबकड्यांना कुलूप असतं. ते तोडून प्रती वाटणं कायद्याला धरून नाही.

घाई कशाची करायची?

भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली मुंबईत झळकला. आज त्याची एकही प्रत कुठे असल्याचं माहीत नाही. चित्रपट जपण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं ते १९६४ साली, म्हणजे तेहतीस वर्षांनी. जे तोवर नाहीसं झालं होतं ते कुठून आणणार? आपल्या आजीच्या ओव्यांसाठी कुणी सरकारी संग्रहालय उघडणार नाही. ते काम घरातल्यांनीच करायचं आहे.

म्हणून एन्कोडिंग दहा मिनिटं आधी झालं की नंतर, याला फार महत्त्व नाही. मूळ प्रत या सुट्टीत उतरवून घ्या. एक प्रत घरी आणि एक मामाकडे ठेवा. फाइलला नाव देताना गाव, साल आणि चित्रणात कोण कोण आहे तेही लिहा. ते सांगणारी माणसं अजून घरात आहेत, तोवरच विचारून घ्या.

आता तुमच्यासाठी दोन गणितं:

१. लग्नाचं चित्रण ३ तासांचं आहे. संगणक सेकंदाला ९० चित्रं एन्कोड करतो. किती वेळ लागेल?

२. ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये ४.७ जीबीच्या किती पूर्ण तबकड्या मावतील?

आधी सोडवा, मगच खाली पाहा हं!

तुमच्या बाई

(उत्तरे: १. ५० मिनिटे. २. १३ तबकड्या.)