पडणारीं माणसें आणि आपण

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ जालन्याच्या मोंढ्यांत एका आडतीवर मुनीम आहेत. वय चाळिशीच्या आंतलें, सुपारीचेंही व्यसन नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं चालतां चालतां ते एकाएकीं गुडघ्यांतून कोसळूं लागले. बाजारांतले लोक म्हणत, "स्वारी सकाळींच घेऊन आलेली दिसते!" आम्हींही त्यांस एकदां, "जरा खालीं बघून चालत जा," असा शहाणपणाचा उपदेश केला होता. पुढें तपासणींत कळलें कीं, त्यांस स्नायुक्षयाचा आनुवंशिक विकार आहे. तो उपदेश आठवला म्हणजे आम्हांस अजून लाज वाटते, आणि म्हणूनच हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

हा विकार केवळ लहान मुलांचा, असा पुष्कळांचा समज असतो. ड्यूशेन या नांवाचा प्रकार बाळपणींच दिसूं लागतो हें खरें. परंतु त्याच जातीचे दुसरे कित्येक प्रकार तारुण्यांत, क्वचित् त्याहूनही उशिरां, डोकें वर काढतात. मांडीचा पुढचा स्नायु झिजला कीं गुडघा आवरत नाहीं. तो जरा मिटला कीं मनुष्य खालीं आलाच. म्हणून असे रोगी गुडघे मागें ताणून व पोट पुढें काढून उभे राहतात. तो तोल पत्त्यांच्या बंगल्यासारखा. गर्दींत कोणाचा सहज खांदा लागला तरी मोडतो. कांहींच्या पावलाचा पुढचा भाग वर उचलत नाहीं. त्यांस शेतांतलें ढेकूळ काय आणि घरचा उंबरठा काय, दोन्ही सारखेच वैरी. आपण अडखळलों तर पाय चटकन् पुढें टाकून सांवरतों. त्यांच्या पायांत ती चपळाई उरलेली नसते, आणि दंडही दुबळे असले तर हात वेळेवर टेकत नाहींत. मग मार तोंडावर बसतो.

पडल्यावर उठणें हा तर निराळाच प्रसंग. आधीं ओणवें व्हावें, मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकीत आपल्याच अंगावर चढत जावें, तेव्हां कोठें उभें राहतां येतें. लंडनचे वैद्य विल्यम गॉवर्स यांनीं १८७९ सालीं या उठण्याचें वर्णन केलें, व वैद्यकांत त्यांचेंच नांव त्यास पडलें.

समर्थ रामदासांचें जन्मस्थान जांब हें आपल्याच जिल्ह्यांत. बलोपासनेचा आदर येथें घरोघर आहे व तो योग्यच आहे. पण त्यांतून अशक्त तो आळशी, असा भलताच अर्थ काढला जातो, आणि अशा तरुणास "रोज शंभर बैठका काढ" असें सांगणारे गल्लोगल्लीं भेटतात. झिजत्या स्नायूंवर एवढा भार घातल्यास हानीचाच संभव अधिक. तज्ज्ञांच्या सल्ल्यानें केलेला बेताचा व्यायाम मात्र हितकर असतो. याच्या उलट घरचीं माणसें प्रेमानें म्हणतात, "तूं आपला बसून राहा." तें प्रेम खरें, पण बसूनही पाय जातात. आणि न जपतां चालून हाड मोडलें, चार आठवडे अंथरुणावर गेले, तर मोठ्या कष्टानें टिकविलेलें चालणें परत येईलच असें नाहीं. या दोन भयांच्या मधून रोग्यास वाट काढावी लागते.

स्त्रियांची स्थिति अधिक बिकट. घागर घेऊन पडलेली सून धांदरट ठरते. आणि घरांत लग्नाचीं मुलें असलीं कीं तिचें पडणें लपविलेंच जातें. जें लपविलें त्यावर उपाय कोण करणार? न्हाणीघरांत एक दांडा, बसावयास उंच खुर्ची, रात्रीं दिवा, एवढ्यानेंही पुष्कळ अपघात टळतात. दिव्यांगांच्या हक्कांसंबंधीं २०१६ चा जो कायदा आहे, त्यांत स्नायुक्षयाचा नांवानिशीं उल्लेख आहे. त्याचें प्रमाणपत्र काढण्यांत कसलीही नामुष्की नाहीं.

आमच्याच शाळेच्या पायऱ्यांस कठडा नाहीं. स्नेहसंमेलनास येणाऱ्या पालकांपैकीं कोणी या कारणास्तव घरीं राहिले असतील काय, हा विचार आम्हांस इतकीं वर्षें शिवला नाहीं. पुढील संमेलनापूर्वीं तो कठडा व्हावा, असें आमचें शाळेच्या चालकांस सांगणें आहे. विद्यार्थ्यांस इतकेंच सांगतों कीं, पडलेल्यास काखेंत हात घालून ओढूं नका. त्याचे खांदेही दुबळे असूं शकतात. "कसें धरूं?" हें आधीं विचारा.

मोंढ्यांतील एका हमालास हें कोणी शिकविलें नव्हतें. मुनीमजी पडले कीं तो न बोलतां दुकानांतलें स्टूल आणून त्यांच्याजवळ ठेवतो, आणि ते त्यावर हात टेकून उठेपर्यंत गर्दीकडे पाठ करून उभा राहतो.