रेडिओ बदलायचाय, बॉस!

आमच्या टीममध्ये यंदा नव्या गाड्यांची लाटच आलीय. कुणाकडे सनरूफ, कुणाकडे बोललेलं ऐकणारी स्क्रीन. आणि माझ्या वाट्याला काय आलं? आप्पांची फियाट!

कुर्ल्याच्या कारखान्यातली 1978 ची प्रीमियर पद्मिनी. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, आणि डॅशबोर्डच्या मधोमध दोन गोल बटणांचा रेडिओ. आप्पा म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या गुडघ्यांनी क्लच दाबायला साफ नकार दिला, तेव्हा तळेगावच्या घरी त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "गाडी तुझी. जपून चालव." बस्स, एवढंच.

आता हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ही म्हातारी कोण नेणार? पण रविवारी सकाळी वडगाव, कामशेत, कार्ला करत जुन्या हायवेनं लोणावळा... वॉव! प्रॉब्लेम एकच. गाणी. रेडिओ कधीचा मुका झालेला. मी लगेच सात इंची टचस्क्रीन मागवली आणि एका इलेक्ट्रिशियनला घरी बोलावलं.

त्यानं डॅशबोर्डवर पेन्सिलनं चौकोन आखला. "मॅडम, एवढा पत्रा कापला की फिट!" मी ओके म्हणणार, तेवढ्यात ओसरीवरून आप्पांनी विचारलं, "कापलेला पत्रा पुन्हा जोडता येतो का गं?"

रागावले नव्हते. नुसतं विचारलं. पण त्या दिवशी कटर काही चालला नाही.

संध्याकाळी चहा घेताना आप्पा सुरू झाले. त्या काळी फियाटसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. रेडिओ म्हणजे तर चैन! आणि रेडिओ ऐकायला लायसन्स लागायचं, त्याचे पैसे पोस्टात भरायचे. (मी दोनदा विचारलं, "रेडिओला लायसन्स?" हो, खरंच! ऐंशीच्या दशकात ते रद्द झालं.) गाडी आप्पा चालवायचे, रेडिओ आजीच्या ताब्यात. आकाशवाणी पुणे, 792 किलोहर्ट्झ. खंडाळा ओलांडलं, खरखर वाढली, की आजी हळूच बटण फिरवून मुंबई शोधायची. "ती बटण फिरवायला लागली, की मी समजायचो घाट आला," आप्पा म्हणाले.

मी गाडीत जाऊन पाहिलं. उजव्या बटणावरचा पांढरा ठिपका झिजून गेला होता. आजीला जाऊन नऊ वर्षं झाली.

टचस्क्रीन परत पाठवली.

मग शोध सुरू झाला आणि लोणावळ्याच्या बाजारात एक काका सापडले. मिक्सर, टीव्ही, रेडिओ, सगळं उघडणारे. त्यांनी आमचा रेडिओ टेबलावर घेतला, फुंकर मारली आणि तीन रस्ते सांगितले. एक, आहे तोच दुरुस्त करायचा. वाळलेले कपॅसिटर बदलायचे, आवाजाचं बटण साफ करायचं. चालेल, पण मीडियम वेव्हच. एफएम नाही, मोबाइल नाही. दोन, जुना तसाच ठेवून ब्लूटूथचा डबा ग्लोव्ह बॉक्समध्ये लपवायचा. तीन, बाहेरचा चेहरा आणि बटणं तीच ठेवून आत नवा एफएम-ब्लूटूथ बोर्ड बसवायचा आणि जुनं पोट जपून ठेवायचं.

मी तिसरा निवडला. उद्या वाटलं तर सगळं पूर्वीसारखं करता येईल.

ज्यांच्या घरी अशी एखादी जुनी गाडी आहे, त्यांच्यासाठी काकांचं ज्ञान, फुकट! जुन्या गाडीत स्पीकरची एक वायर बऱ्याचदा थेट बॉडीला जोडलेली असते. नव्या सेटला तशी जोडली की आतला आयसी जळालाच म्हणून समजा. स्पीकरला दोन्ही वायरी वेगळ्या ओढायच्या. आधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते बघायचं. आमच्या फियाटला निगेटिव्ह आहे, पण ब्रिटिश वळणाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांना पॉझिटिव्ह असायचं. फ्यूज विसरायचा नाही. गाडीला डायनामो असेल तर मोठा अँप्लिफायर नकोच. सिग्नलला उभं राहिलं की डायनामो जेमतेम चार्ज करतो आणि मग ढकला! आणि जुन्या बाजारात स्वस्तात जपानी सेट मिळाला तर आकडे वाचा. त्यावर बऱ्याचदा 76 ते 90 मेगाहर्ट्झच असतं, आपला एफएम 88 ते 108.

आणि कायदा? पन्नाशी उलटलेल्या गाड्यांसाठी 2021 साली व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. त्यात चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं. रेडिओवर सरकारचा डोळा नाही. मात्र त्या नंबरावर गाडी रोज फिरवता येत नाही, म्हणून आमचा तो विचार तूर्तास रद्द. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेल्या. आमची मावळात अजून धावतेय, तेवढं पुरे.

गेल्या रविवारी ट्रायल घेतली. आप्पा शेजारच्या सीटवर, म्हणजे आजीच्या जागेवर. मळवलीपर्यंत 98.3 वर पुण्याची मिर्ची खणखणीत. लोणावळा सोडलं आणि गंमत सुरू झाली. मुंबईची मिर्चीसुद्धा 98.3 वरच! एफएमचा रिसीव्हर ज्याचा जोर जास्त त्याचाच आवाज धरतो. त्यामुळे एका वळणावर पुणे, पुढच्या वळणावर मुंबई. एक आरजे वाक्य सुरू करतोय, दुसरी भलतंच संपवतेय!

आप्पा हसून हसून बेजार. "आमची मीडियम वेव्ह जमिनीला धरून डोंगर चढायची गं. तुझा एफएम डोंगर दिसला की लपतो."

"मग काय, मोबाइल लावू?" मी विचारलं. प्लेलिस्ट तयारच होती.

"थांब जरा." त्यांनी हात पुढे केला आणि झिजलेल्या ठिपक्याचं बटण हळूच फिरवलं. खर्रर्र...

घाट आला होता.