पर्समधला चाकू पेरूसाठी, भीतीसाठी नाही



गेल्या रविवारी देवळातून निघताना शेजारच्या गल्लीतली एक सून हळूच जवळ आली. "काकू, एक विचारू? तुमच्या पर्समध्ये नेहमी चाकू असतो म्हणतात. मलाही एक घ्यायचा आहे. कोणता घेऊ?"

मी विचारलं, "कशासाठी?"

ती जरा घुटमळली. "असाच. रात्री मुलीला क्लासवरून आणायला जाते नं. जवळ असला की बरं वाटतं."

मी तिला तिथे अर्धंमुर्धं उत्तर दिलं आणि घरी आल्यावर स्वतःवरच चिडले. कारण तिनं एक प्रश्न विचारला होता, पण त्यात दोन प्रश्न होते. फळ चिरायला चाकू जवळ ठेवावा का, हा एक. माणसाच्या भीतीनं चाकू जवळ ठेवावा का, हा दुसरा. पहिल्याला माझं उत्तर 'हो' आहे, दुसऱ्याला 'नाही'. दोन्ही नीट सांगते.

आधी पहिला. आपल्या श्रावकाचारात फळ आतून पाहिल्याशिवाय खाऊ नये, शेंग उघडल्याशिवाय तोंडात टाकू नये, असं सांगितलं आहे. घरी आपण हे न बोलता पाळतो. वांगं, भेंडी, फ्लॉवर आपल्या हाताखालून शोधून झाल्याशिवाय कढईत जात नाही. पण घराबाहेर? रामटेकला शांतिनाथाच्या दर्शनाला गेलो, मुक्तागिरीच्या पायऱ्या चढलो, गाडीत बारा तास बसलो, की पेरू सरळ दातांनी तोडून खातो. संत्र्याचं बरं आहे, आपल्या नागपूरच्या संत्र्याला चाकू लागत नाही. पण पेरू आणि बोर? वरून चकचकीत, आत अळी. दातांखाली आल्यावर कळून काय उपयोग? म्हणून ज्या बाईला बाहेरही शोधून खायचं आहे, तिच्याजवळ छोटा चाकू असणं ही मला शिस्त वाटते, हौस नव्हे.

आता तो कसा असावा. बहुतेक जणी घडीचा घेतात, कारण तो बंद होतो आणि पर्समध्ये सुरक्षित वाटतो. मीही अनेक वर्षं घडीचाच वापरला. एकदा उन्हात धरून त्याच्या खाचेत पाहिलं, तर आत आंब्याचा वाळलेला गर, पर्समधली धूळ आणि दोन मेलेल्या मुंग्या. ती खाच कितीही धुतली तरी आत बोट जात नाही, कापड जात नाही, पाणी मात्र राहतं. ओलं अन्न पडून राहिलं की ४८ मिनिटांच्या आत त्यात संमूर्च्छन जीव निर्माण होतात, हे आपण पाठशाळेत शिकलो. म्हणूनच आपण उष्टं ताट तसंच ठेवत नाही. मग ती खाच म्हणजे आठवडाभर न धुतलेलं उष्टं ताटच नाही का? त्या दिवसापासून मी न मिटणारा, सरळ, एकसंध चाकू वापरते. दोन्ही बाजू डोळ्यांना दिसतात, एका पुसण्यात कोरडा होतो. आणि घडीचं पातं बोटावर मिटण्याची भीतीही नाही.

पातं तीन इंचांच्या आसपास पुरे. त्यानं पेरू, सफरचंद, काकडी, आंबा सगळं होतं. टोक अणकुचीदार असण्याची काहीच गरज नाही. फळाला धार लागते, टोक लागत नाही. पुढून बोथट, गोलसर पात्याचा मिळाला तर तोच घ्या. पर्समध्ये हात घालताना टोचत नाही आणि बघणाऱ्यालाही तो स्वयंपाकघरातलाच वाटतो. पोलाद न गंजणारं असावं. साधं लोखंड लिंबाच्या रसानं काळं पडतं आणि त्याचा वास फळाला लागतो.

मुठीकडे आपल्या बायकांचं लक्ष जात नाही, ते जायला हवं. महागड्या चाकूंच्या मुठी कधी शिंगाच्या, कधी हाडाच्या असतात आणि म्यान तर बहुधा चामड्याचंच. देवळात जाताना चामड्याचा पट्टा काढून ठेवणारी आपण माणसं, फळ चिरायचा चाकू चामड्यात कसा ठेवणार? लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ बघा. पात्याची पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत गेलेली असावी. मुठीच्या कडेनं पोलादाची रेघ दिसते, त्यावरून ते ओळखता येतं. नुसत्या दांडीवर बसवलेली मूठ दोन वर्षांत हलायला लागते आणि त्या फटीत पुन्हा तोच मळ. म्यान प्लॅस्टिकचं चालेल, पण आतून धुता येणारं हवं. मी जाड खादीची दुहेरी पिशवी शिवली आहे आणि आत पुठ्ठ्याऐवजी दुधाच्या डब्याच्या जाड प्लॅस्टिकची पट्टी घातली आहे. पिशवी दर सोमवारी साबणाच्या पाण्यात जाते. इतवारीतल्या लोहा ओळीत किंवा आपल्या बडकस चौकातल्या भांड्यांच्या दुकानात असा साधा फळांचा चाकू सहज मिळतो. 'टॅक्टिकल' म्हणून काळ्या रंगाचे जे चाकू मोबाइलवर दिसतात, त्यांची आपल्याला गरज नाही.

धार मात्र चांगली ठेवा. बोथट चाकू सुरक्षित, हा गैरसमज आहे. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, तो घसरतो आणि बोट कापतं. शिवाय फळ चिरडत जातं. आमच्या आईची पद्धत सांगते. पेरू एकदम आरपार कापायचा नाही. भोवताली उथळ चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी हलकेच पिळून उघडायचा. आत अळी असेल तर ती कापली जात नाही. मग तो भाग तसाच झाडाच्या बुंध्याशी ठेवून द्यायचा. हे बोथट चाकूनं जमतच नाही. धारवाला गल्लीत येतो तेव्हा त्याच्याकडून लावून घ्या. मधल्या काळात चिनीमातीच्या कपाच्या बुडाचा खरखरीत काठ पुरतो. आणि बाहेरचा चाकू चौक्यात आणू नका. महाराजांच्या आहाराचा चाकू वेगळा, पर्समधला वेगळा.

आता दुसरा प्रश्न.

त्या सुनेच्या मनात काय होतं, ते मला कळत होतं. १७ मार्च २०२५ ची रात्र महालातली कोणती बाई विसरेल? दगडफेक, जळणाऱ्या गाड्या, आणि मग दिवसेंदिवस संचारबंदी. चिटणीस पार्कच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू येत होता आणि मी दाराला आतून पाटा टेकवून बसले होते. त्या रात्री माझ्याही हातात विळी होती. खोटं कशाला सांगू? म्हणून भीती वाटणाऱ्या बाईला मी हसणार नाही.

आपला धर्मही तिला हसत नाही. गृहस्थाची हिंसा चार प्रकारची सांगितली आहे: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. पूर्णपणे सोडायची ती संकल्पी. स्वतःवर किंवा आश्रितांवर चालून आलेल्याला अडवताना घडते ती विरोधी, आणि श्रावकाला ती सर्वस्वी टाळता येत नाही हे आचार्यांनी मान्य केलं आहे. श्रवणबेळगोळचे बाहुबली ज्यांनी घडवून घेतले ते चामुंडराय सेनापती होते. तेव्हा 'जैन बाईनं चाकूला हात लावू नये' असं कुणी म्हणालं, तर ते अर्धवट ज्ञान आहे.

मग मी 'नाही' का म्हणते? कारण प्रसंग आल्यावर हाताशी येईल ते उचलणं वेगळं आणि रोज सकाळी पर्स भरताना 'वेळ आली तर माणसावर चालवीन' म्हणून चाकू ठेवणं वेगळं. ती वेळ बहुधा येतच नाही, पण तो विचार रोज येतो. मागून कुणी चालत आला की हात पर्समध्ये जातो आणि मनात आपण वार करूनही मोकळ्या होतो. अनर्थदंडात अपध्यान म्हणतात ते यापासून फार दूर नाही. यशोधर राजाची कथा आठवा. त्यानं खरा कोंबडा मारलाच नव्हता, पिठाचा केला होता. तरी किती जन्म भोगावं लागलं! हात काय करतो यापेक्षा मन काय करतं, हे आपल्याकडे मोठं मानलं आहे.

धर्म बाजूला ठेवला तरी व्यवहार हेच सांगतो. तीन इंचांचं पातं वापरायचं तर समोरच्याच्या हाताच्या अंतरात उभं राहावं लागतं. पर्सची चेन, म्यान, मूठ, एवढं होईपर्यंत तो पोचलेला असतो. बळकट माणसानं मनगट धरलं तर तोच चाकू आपल्यावर उलटतो. त्यापेक्षा मोठ्यानं ओरडणं, उजेडातल्या दुकानात शिरणं, ११२ लावणं, मिरचीचा स्प्रे लांबूनच मारून पळणं, हे कितीतरी बरं. मुलीला आणायला तिघी-चौघींनी मिळून जायचं ठरवलं तर त्याहूनही बरं. त्या सुनेला हेच मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

कायद्याचंही बघा. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात, घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेले सोडून. आपला फळांचा चाकू त्यात येत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणावाराला, मोर्चा-तणावाच्या दिवसांत चाकू घेऊन फिरण्यावर बंदी येऊ शकते. आपल्या भागात असे दिवस कमी नसतात. तेव्हा चाकू घरीच ठेवा. मेट्रो, विमानाची केबिन, कोर्ट आणि हिवाळी अधिवेशनात विधानभवनाकडे जातानाही. 'कशासाठी ठेवला?' असं पोलिसानं विचारलं तर 'पेरू कापायला' हे उत्तर खरं असलं पाहिजे. 'संरक्षणासाठी' म्हटलं की तुम्हीच त्याला हत्यार ठरवलंत.

यावर माझ्या नणंदेनं मला कस्तुरबानगरची आठवण करून दिली. १३ ऑगस्ट २००४ ला आपल्याच नागपूरच्या जिल्हा न्यायालयात त्या वस्तीतल्या बायकांनी, वर्षानुवर्षं छळणाऱ्या गुंडाला भाजीच्या सुऱ्यांनी आणि मिरचीपुडीनं संपवलं. "त्यांनी काय करायला हवं होतं?" नणंद म्हणाली. याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि माझ्या सुरक्षित माडीवर बसून त्यांचा न्याय करण्याचा अधिकारही नाही. पण एवढं दिसतं की आपलं कुणी ऐकतच नाही, या जाणिवेनं भाजीची सुरी त्यांच्या पदराआड गेली. त्यातून धडा घ्यायचाच तर तो हा, की शेजारची बाई 'मला भीती वाटते' म्हणते तेव्हा तिचं ऐका. तिला चाकूचा नंबर देऊन मोकळ्या होऊ नका. मी रविवारी जवळजवळ तेच केलं होतं.

शेवटी एक अनुभव. एका प्रवासात समोरच्या बर्थवरच्या बाईंनी "जरा चाकू द्या हो" म्हटलं. मी दिला. परत आला तो उकडलेली अंडी कापून. त्यांचा काय दोष? मी विचारलंच नव्हतं. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात हिंसादान सांगितलं आहे: परशू, तलवार, कुदळ, विस्तव, विष अशा हिंसेच्या साधनांचं दान. लहानपणी वाटायचं, तलवार कोण कुणाला देतं? त्या दिवशी कळलं की तलवारच द्यावी लागते असं नाही. तेव्हापासून कुणी चाकू मागितला की मी म्हणते, "द्या इकडे, मीच चिरून देते." फळ असेल तर चिरून देते, चार शब्द बोलणंही होतं. दुसरं काही असेल तर हात जोडते. आणि अंडी कापलेला तो चाकू? तो आता पार्सलची चिकटपट्टी कापतो.

त्या सुनेसाठी मी लाकडी मुठीचा एक चाकू बघून ठेवला आहे. विकत मात्र तिनं स्वतः घ्यायचा आहे, पेरूसाठी. आणि बुधवारपासून मुलींना आणायला आम्ही चौघी मिळून जातो.

जय जिनेंद्र.