चिठ्ठीविना गोळी

कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला, की संधिवाताने ग्रासलेल्या ऊसतोड कामगाराला बहुधा डॉक्टरआधी दुकानातली सुटी गोळी भेटते. डायक्लोफिनॅक चिठ्ठीविना विकण्यास १९४५ च्या औषध नियमांची मनाई आहे. पण ती कागदावर! ही गोळी सूज उतरवते, तशीच जठरात व्रण करू शकते, रक्तदाब वाढवू शकते आणि घामाने पाणी आटलेल्या देहात मूत्रपिंडालाही इजा पोहोचवू शकते. ती जेवणानंतर, अल्प मात्रेत, थोडेच दिवस घ्यावी. जोडीला त्याच जातीचे दुसरे वेदनाशामक नको. शौचास काळे झाल्यास तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे. परंतु एका खाड्याने ज्याच्या उचलीचा बोजा वाढतो, त्या मजुराला हा उपदेश कितपत पेलणार? कारखान्यांनी फडावर डॉक्टर पाठवावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी हंगामाआधीच लावून धरावी.