यंत्राच्या भरवशावर समुद्र



दिवाळीच्या सुटीत शाळेचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला होता. उधन्याच्या चाळीत वाढलेला हा मुलगा आता अमेरिकेत संगणक अभियंता आहे. त्याने मोबाइल काढून तिकडच्या घरातील खाऱ्या पाण्याची टाकी आम्हांला दाखविली. पाण्याचे तापमान, खारटपणा, कोणता पंप चालू, कोणता दिवा बंद, सारे त्या पडद्यावर दिसत होते. टाकीत जिवंत प्रवाळ होते. जाताना तो म्हणाला, "सर, अशीच एक टाकी शाळेला देतो. सगळं ऑटोमॅटिक असतं. तुम्हांला काही करावंच लागणार नाही."

त्याची ही देणगी आता विश्वस्त मंडळापुढे आहे. मुलांनाही बातमी लागली असून आठवीच्या वर्गाने टाकीची जागासुद्धा ठरवून टाकली आहे! म्हणून आमचे मत आम्ही उघडपणे मांडतो. टाकी घ्यावी, यंत्रही घ्यावे. मात्र तीत प्रवाळ ठेवू नये, आणि 'काही करावे लागणार नाही' हे वाक्य मुळीच स्वीकारू नये.

आम्ही हिंदी माध्यमात शिकलो. तेथे 'मूंगा' शब्द होता. मराठीत पोवळे म्हटले की लोकांना अंगठीतील खडा आठवतो. प्रत्यक्षात प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला वाटा प्रवाळाला मिळतो. पाणी थोडे अधिक दिवस तापले की हे शैवाल निघून जाते व प्रवाळ पांढरे पडते. २०२४ साली लक्षद्वीपला असेच झाले. अशा नाजूक जिवाला २५-२६ अंशांचे पाणी लागते. आपल्या सुरतेत मे महिन्यात खोलीतले पाणी तेवढे थंड राहणे अशक्य, म्हणजे पाणी गार करणारे यंत्र अहोरात्र चालले पाहिजे.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाळ्यात टाकीतले पाणी उडून जाते, पण क्षार मागेच राहतात आणि खारटपणा वाढत जातो. म्हणून रोज गोडे पाणी घालावे लागते. हे काम यंत्र करते. पाणी खाली गेले की तरंगता गोळा खाली येतो, पंप सुरू होतो, पातळी भरली की बंद होतो. आपल्या गच्चीवरच्या टाकीत बॉल कॉक असतो, तसेच हे. आणि बॉल कॉक अडकल्यावर जिन्यावरून वाहणारे पाणी कोणी पाहिले नाही? येथेही गोळ्यावर मिठाचा थर बसतो, कधी गोगलगाय चढून बसते, आणि पंप थांबत नाही.

नववीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. टाकी २०० लिटरची आहे आणि वरून घालावयाच्या गोड्या पाण्याचा डबा २० लिटरचा आहे. गोळा अडकून डबा पूर्ण रिकामा झाला, तरी खारटपणा ३५ वरून सुमारे ३२ वर येईल. मासे तगतील. पण 'रोज कोण भरणार?' म्हणून २०० लिटरचे पिंप जोडले आणि ते सगळे पाणी आत मावले असे धरले, तर खारटपणा निम्मा होईल. सकाळी मेलेले मासे मोजावे लागतील. शहाणा माणूस म्हणून डबा मुद्दाम लहान ठेवतो आणि रोज भरण्याचा त्रास पत्करतो. यंत्र बिघडणारच आहे, बिघडल्यावर किती नुकसान होऊ द्यायचे तेवढे आपल्या हातात.

आपल्यातील अनेक पालक लूम कारखान्यात काम करतात. बाण्याचा धागा तुटला की लूम आपोआप थांबते हे त्यांना सांगावे लागणार नाही. पण धागा जोडायला कारागीर लागतोच. आपोआप थांबण्याने कारागीर घरी बसला नाही, उलट त्याच्या अंगावर जास्त लूम आल्या. टाकीचे यंत्र हे असेच आहे.

२००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचा पूर शहरात शिरला. त्या दिवसांत मोबाइलचा पडदा काय दाखविणार होता? पंप थांबला की काही तासांत पाण्यातील प्राणवायू कमी होतो. पूर रोज येत नाही हे खरे, परंतु रात्री दोन तास वीज जाणे काही नवलाचे नाही. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि चावी असलेला एक जबाबदार माणूस, या दोन गोष्टी देणगीपत्रात आधी लिहाव्यात असे आम्हांला वाटते.

आता प्रवाळाविषयी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व कठीण प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही घातले गेले. म्हणजे जी यादी वाघाची, तीच प्रवाळाची. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामात वरळी व हाजी अलीजवळ प्रवाळाच्या १८ वसाहती आढळल्या. २०२० साली त्या हलविण्यासाठी महानगरपालिकेला वन खात्याची परवानगी घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गोष्ट, मग आपण बाजारात कोणी चोरून विकतो म्हणून विकत घेऊन शाळेच्या व्हरांड्यात ठेवणार का? आमच्या विद्यार्थ्याचा यात दोष नाही, तो राहतो तेथील कायदा वेगळा आहे. पण मुलांना नागरिकशास्त्र शिकवायचे आणि शेजारच्या काचेत तोच कायदा मोडलेला दाखवायचा, हे आमच्याने होणार नाही.

'प्रवाळ नाही तर टाकीत राहिले काय?' असे एका विश्वस्तांनी विचारले. राहिले पुष्कळ. निर्जीव दगड, वाळू आणि हॅचरीत वाढविलेले क्लाउनफिश ठेवता येतात. या माशांची पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याच देशात करून दाखविली आहे. पहिले पाच-सहा आठवडे तर एकही मासा सोडायचा नाही. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीवाणू टाकीत आधी रुजले पाहिजेत, आणि त्यांना घाई करणारे बटन कोणत्याही यंत्राला नाही. यंत्र जे आकडे दाखवील ते रोज एका विद्यार्थ्याने स्वतः मोजून वहीत लिहावेत. दोन आकडे जुळले नाहीत तर यंत्र चुकले की आपण, हे वर्गात शोधावे.

जिवंत प्रवाळ मुलांनी पाहावे अशी आमचीही इच्छा आहे. आपल्याच राज्यात, जामनगरकडे, कच्छच्या आखातात १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे नरारा येथे ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यातून चालत प्रवाळ पाहता येते. पाण्याच्या यंत्रावर वाचणारे पैसे या सहलीला द्यावेत, असे पत्र आम्ही देणगीदाराला लिहिले आहे. ओहोटीची वेळ पंचांगातील तिथीवरून काढण्याचे काम दहावीच्या भूगोलाच्या तासाला दिले आहे. परवानगीचा अर्ज कार्यालयातून जाईल. वहीचे पहिले पान कोण लिहिणार, यावरून आठवी 'अ' आणि 'ब' मध्ये भांडण सुरू आहे, तेवढे वर्गशिक्षकांनी मिटवावे.