झिजलेला हूक

जून 2020. कॅलिफोर्नियातल्या ब्यूट काउंटीच्या न्यायालयात न्यायाधीश एकेका मृताचं नाव वाचत होते, पडद्यावर त्या माणसाचा फोटो येत होता आणि 'पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक' या वीज कंपनीचे प्रमुख प्रत्येक नावाला गुन्हा कबूल करत होते. चौऱ्याऐंशी वेळा. कंपनीला तुरुंगात धाडता येत नाही, म्हणून दंड झाला. तोही जेमतेम 35 लाख डॉलर. हे वाचलं तेव्हा संताप आला. तो अजून गेलेला नाही.

8 नोव्हेंबर 2018 च्या सकाळी डोंगरातल्या, याच कंपनीच्या उच्चदाब वाहिनीचा एक लोखंडी हूक तुटला. जवळपास शंभर वर्षं वाऱ्याने हलून हलून तो झिजला होता. सुटलेली तार मनोऱ्याला लागली, ठिणग्या खालच्या वाळक्या गवतात पडल्या. शरद ऋतूतला पाऊस तिथे अजून आलाच नव्हता आणि वारा पिसाटलेला. त्याने निखारे वणव्याच्या कितीतरी पुढे नेऊन टाकले. दोन तासांच्या आत पॅराडाइज गाव पेटलं. घरावरून घर पेटत गेलं. काही ठिकाणी तर घराची राख झाली आणि शेजारचा पाइन हिरवाच उभा राहिला.

दोन खोल दऱ्यांमधल्या डोंगरसोंडेवरचं, पाइनच्या दाट झाडीतलं हे सुमारे 26 हजार वस्तीचं गाव. घरं परवडतात म्हणून निवृत्त माणसं तिथे येऊन राहिलेली. खाली उतरायला मोजके रस्ते, त्यांतला मुख्य 'स्कायवे'. 2008 च्या वणव्यात याच रस्त्यावर गाड्या तासन्‌तास अडकल्या होत्या. काउंटीच्या नागरिक-पंचांनी त्यानंतर बाहेर पडण्याच्या वाटांबद्दल लेखी इशारा दिला. तरी पुढे गावठाणातला स्कायवे रहदारीचा वेग कमी करण्यासाठी अरुंद केला गेला. धोका कागदावर होता, तोही जवळपास दहा वर्षं आधी. म्हणून याला नुसती नैसर्गिक आपत्ती म्हणायला माझं मन तयार होत नाही.

पंच्याऐंशी माणसं गेली; त्यांतल्या चौऱ्याऐंशींच्या मृत्यूचा गुन्हा कंपनीवर लागला. बहुतेक साठी-पासष्टी ओलांडलेली. कुणी घरातच, कुणी गाडीत. अनेकांना सावध करणारा संदेश पोचलाच नाही; एक कारण म्हणजे मोबाइलवर तो येण्यासाठी आधी नाव नोंदवावं लागे. जी म्हातारी बाई गाडी चालवत नाही, अंथरुणाला खिळली आहे, तिने नाव नोंदवून ठेवावं, ही अपेक्षाच मुळात निर्दय आहे. 18 हजारांहून जास्त इमारती जळाल्या. धूर दीड-दोनशे मैलांवरच्या सॅन फ्रान्सिस्को, सॅन होजेपर्यंत गेला. तिथल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, तिथली आपली मराठी कुटुंबंही दारं-खिडक्या लावून बसली.

पुढे गावात धोक्याचे भोंगे बसले, तारा जमिनीखाली न्यायला सुरुवात झाली. हे आधी करता आलं असतं. 2020 च्या जनगणनेत पॅराडाइजमध्ये पाच हजारही माणसं नव्हती. आता हळूहळू घरं उभी राहताहेत, पण नवं घर बांधायचं म्हणजे मोठा खर्च आणि वर विम्याचे चढे हप्ते. स्वस्त घर म्हणून तिथे आलेल्या, पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने एवढे पैसे कुठून आणायचे?